गावरान पिल्लांना मानमोडीची लस नको, या संदेशाविषयी खुलासा

"गावरान पिल्ले मुळातच काटक असतात, त्यांना मानमोडीची लस टोचू नये, पिण्याच्या पाण्यात हळद व लसूण घातले की पुरे," असा संदेश सध्या परसातील कुक्कुटपालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूजन्य रोग असून त्यावर उपचार नाही आणि गावरान कोंबडीलाही तो होतो. आमच्या परसात लस न दिलेली तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) मान पिळवटून गोल फिरताना आणि हिरवट पातळ हगवण करताना मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा पाण्यात हळद होतीच. हळदीला माझा विरोध नाही, परंतु ती लसीची जागा घेऊ शकत नाही.

पिल्ले ५ ते ७ दिवसांची झाली की मानमोडीची लासोटा नावाची लस देतात आणि तीही टोचत नाहीत: पिल्लू तळहातात धरून डोळ्यात एक थेंब सोडावा व ते डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत थांबावे. पुढे साधारण ८ व्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी नावाची लस कातडीखाली टोचतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फात ठेवूनच आणावी, अन्यथा ती निकामी होते. लस देऊनही पिल्ले दगावल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण असते. लसीच्या एका कुपीत एका परसातील पिल्लांच्या संख्येपेक्षा मात्रा बऱ्याच जास्त असतात, म्हणून शेजाऱ्यांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवावे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.