मुलापासून आजाराचे नाव लपवू नये

किशोरवयीन मुलांना कर्करोगाचे निदान स्पष्ट सांगावे की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे प्रसिद्ध झालेला लेख वाचून आई म्हणून लिहीत आहे. आमच्या मुलाला पंधराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग (तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) झाला, तेव्हा पहिले आठ दिवस आम्ही त्याला ‘रक्तात जंतुसंसर्ग आहे’ असेच सांगत राहिलो. पण परळच्या टाटा रुग्णालयात रांगेत बसल्यावर भिंतीवरच्या पाट्या त्याने स्वतःच वाचल्या, आणि आजारापेक्षा आमच्या खोटे बोलण्याचे दुःख त्याला अधिक झाले.

हा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. त्यातला मोठा काळ घरी रोज घ्यायच्या गोळ्यांचा असतो, आणि केस परत आले, शाळा सुरू झाली की याच वयाची मुले गोळ्या टाळू लागतात. म्हणून गोळ्यांची वही आम्ही त्याच्याच हाती दिली, मात्र गोळी आमच्यासमोर घ्यायची, हा नियम ठेवला. स्टेरॉइडच्या दिवसांत तो ताट आपटायचा, रात्री दोन वाजता पोहे मागायचा. हा औषधाचा परिणाम आहे, स्वभाव नव्हे, हे त्याच्या आजीला समजावणे मला फार जड गेले.

एक मुद्दा लेखात राहिला आहे, आणि संकोचामुळे तो घरोघरी राहतो. काही औषधांचा पुढे अपत्यप्राप्तीवर परिणाम होऊ शकतो. वयात आलेल्या मुलाचे वीर्य केमोथेरपीपूर्वी साठवून ठेवता येते. हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारावे आणि त्या वेळी मुलाला काही मिनिटे त्यांच्याशी एकट्याने बोलू द्यावे, कारण आईसमोर तो हे विचारणार नाही.