कॉम्प्युटरवाल्या मित्राची निगा

कॉम्प्युटरमधलं कळणारा एक तरी मित्र तुमच्याकडे असेलच. तो सिव्हिल इंजिनिअर असो की बँकेत कारकून, वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरी त्याने विंडोज एक्सपी टाकून दिलं होतं, एवढी पात्रता पुरे. त्या एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच वाऱ्यावर सोडलं. तुम्ही मात्र मित्राला सोडू नका.

फोन रविवारी सकाळी करावा. आधी वहिनींची तब्येत, मुलाची दहावी, आणि मग सहज, "अरे, पीसी जरा स्लो झालाय, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं हे तुला कसं कळलं, असं तो विचारणार नाही. असं विचारणाऱ्यांनी "मला बाबा त्यातलं काही कळत नाही" असं केव्हाच जाहीर करून टाकलंय.

तो आला की तपशील देऊ नका. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं" एवढं पुरतं. पासवर्ड तर मुळीच लक्षात ठेवायचा नाही. तो मुलीला माहीत असतो आणि मुलगी क्लासला गेलेली असते.

समजा, एकही वेबसाइट उघडत नाहीये. तो खालच्या कोपऱ्यातली तारीख बघेल. तिथे २००९ साल चालू असेल. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि तारीखच चुकीची म्हटल्यावर ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. एव्हाना तुम्ही इंटरनेटवाल्याशी दोनदा भांडून झालेलं असतं. ते सांगायचं नाही. मित्र खाली जाऊन स्वतःच्या पैशाने सीआर २०३२ सेल आणेल, बसवेल, सगळं सुरू होईल. या क्षणी आभार मानण्याची घाई नको. किंचित हिरमुसून म्हणा, "एवढंच होतं होय!"

आता एक महत्त्वाचं. ज्या यंत्राला त्याने एकदा हात लावला, त्याचं पुढचं सगळं पाप त्याचंच. दोन वर्षांपूर्वी त्याने फॉरमॅट मारला आणि सोसायटीचे अहवाल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागला, आठवतं? अहवाल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की उरतं ते नुसतं इंग्रजी. मजकूर जागेवर आहे, फक्त फॉन्ट परत टाकायचाय, हे त्याने तीनदा समजावलं. तुम्ही समजून घेऊ नका. "याने आमचं मराठी उडवलं" हे वाक्य लग्नकार्यात, तो पंगतीत बसलेला असताना, जास्त शोभतं. (युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे फॉन्ट गेला तरी मराठी मराठीच राहील, असंही तो सुचवेल. त्याला आणखी एक पोळी वाढा.)

विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, तेही त्याच्याच खात्यावर टाका. तुमच्या २०१३च्या मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ नीट बसणार नाही, असं तो म्हणेल. त्यावर एकच उत्तर: "तुला जमत नसेल तर सांग, भाच्याला विचारतो." दुपारचं जेवण सोडून तो पुन्हा खुर्चीत बसेल. पाठीमागे उभं राहून मधूनमधून "फोटो जाणार नाहीत ना?" विचारत राहा. बॅकअप घेतलाय का, या त्याच्या प्रश्नावर "तो तूच घेतला असशील ना" म्हणायचं.

याच वेळी एसीवाला येईल. वीस मिनिटांत जाळी धुऊन तो सहाशे रुपये सांगेल. घासाघीस करू नका, बिचारा उन्हातून आलाय. पाकिटात पाचशेचीच नोट निघाली, तर आतल्या खोलीकडे वळून हाक मारा, "अरे, तुझ्याकडे शंभर सुटे आहेत का रे?"