भरलेली डिस्क जोडायची आहे, पुसायची नाही!

जळगावातल्या आमच्या कार्यालयातली जुनी हार्ड डिस्क व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरला, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सर्व्हरला, जोडायची होती आणि तिच्यात रावेर-यावलच्या केळी बागायतदारांचे अनेक वर्षांचे हिशेब होते. केबल लावली, सर्व्हर सुरू केला, डिस्क दिसली. आणि पर्याय कोणते? पुसा, नव्याने तयार करा, फॉरमॅट करा! भरलेली कणगी घरात आणली म्हणून कुणी आधी तिच्यातली ज्वारी उकिरड्यावर ओततो का?

आहे तशी डिस्क वापरण्याचा मार्ग असतो, पण तो टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दडलेला. तिचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) शोधा, एफएसटॅब फाइलमध्ये (कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची त्या यादीत) ओळ लिहा, माउंट करा, म्हणजे डिस्क त्या फोल्डरला जोडा, आणि मगच ते फोल्डर स्टोरेज म्हणून नोंदवा. यूयूआयडीऐवजी ‘एसडीबी’ असे सर्व्हरने दिलेले नाव लिहिले, तर वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तेच नाव दुसऱ्याच डिस्कला मिळू शकते. आणि आमच्याकडे मे महिन्यात वीज किती वेळा जाते, हे काय सांगायला हवे? माउंट झालेच नाही, तर बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरच, साठत जातात आणि ती भरली की सगळे ठप्प होते. जोडलेली जुनी डिस्क होस्टवर, म्हणजे खुद्द सर्व्हरवर, माउंट ठेवून त्यातल्या व्हर्च्युअल मशीनलाही (आभासी संगणकालाही) थेट दिली, तर दोघेही तिच्यावर लिहितात आणि फाइल सिस्टिमच, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणीच, बिघडते.

यातला एकही इशारा पडद्यावर का नसावा? लोकांचे हिशेब आहेत ते!