ग्रॅहमच्या संख्येचा शेवट कळतो, मग सुरुवात का नाही?

ग्रॅहमच्या संख्येवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘जी संख्या लिहायला अख्खं विश्व पुरणार नाही, तिचा शेवट ३८७ आहे हे पाहिलं कोणी? आणि शेवट कळतो तर पहिला अंक का सांगत नाही? ही शुद्ध फेकाफेक आहे.’ शंका अगदी रास्त आहे. फेकाफेक मात्र नाही. वही-पेन घेऊन बसा, स्वतः ताडून पाहता येईल.

गणितावर लोकप्रिय लेखन करणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७७मध्ये लोकांसमोर आणलेली ही संख्या म्हणजे नुसत्या तिनांचा मनोरा: ३चा घात ३, त्या घातांकाचाही घात ३, असं वर वर जात राहायचं. मनोरा किती उंच, याची कल्पनाही करता येत नाही. पण शेवटच्या अंकांना त्या उंचीशी फारसं देणंघेणं नसतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

३चे घात लिहा: ३, ९, २७, ८१, २४३. एकक स्थानी ३, ९, ७, १ हे चारच अंक फिरत राहतात. म्हणून घातांकाला ४ने भागून उरणारी बाकी तेवढी हवी. आपला घातांक स्वतःच ३चा विषम घात आहे, आणि अशा कुठल्याही संख्येला ४ने भागलं की बाकी ३च उरते. चक्रातला तिसरा अंक ७. एकक स्थान मिळालं.

शेवटच्या दोन अंकांचं चक्र २०चं आहे (३चा २०वा घात ३४८६७८४४०१, शेवटी ०१). म्हणजे आता घातांकाची २०ने भागल्यावरची बाकी हवी. २०ने भागताना ३च्या घातांच्या बाक्याही ३, ९, ७, १ अशाच फिरतात, म्हणून ती बाकी ७. ३चा ७वा घात २१८७. शेवट ८७.

तीन अंकांसाठी चक्र १००चं. घातांकही तिनांचाच मनोरा, म्हणून त्याचे शेवटचे दोन अंक ८७. आता ३चा ८७वा घात काढायचा, पण दर पायरीला शेवटचे तीनच अंक ठेवायचे: १०वा घात ०४९, २०वा ४०१, ४०वा ८०१, ८०वा ६०१, ७वा १८७. ६०१ × १८७ = ११२३८७. झालं, ३८७.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकक स्थानासाठी घातांकाचा शेवटचा अंकच वापरणं. ३चा १२वा घात ५३१४४१, एकक स्थानी १. बारामधला २ घेतलात तर ९ येईल. चक्र चारचं आहे, दहाचं नाही. हीच रीत २च्या मनोऱ्याला जशीच्या तशी लावू नका. २ आणि १० सहमूळ नाहीत (दोघांनाही २ने भाग जातो), त्यामुळे चक्र सुरुवातीपासून लागत नाही: २चा २१वा घात २०९७१५२, शेवटी ५२ येतात, ०२ कधीच परत येत नाही.

आता पहिला अंक. तीन तिनांचा मनोरा म्हणजे ७६२५५९७४८४९८७. चार तिनांच्या मनोऱ्यात ३६३८३३४६४००२५ अंक आहेत आणि तो १२५८ने सुरू होतो. हे कळतं कारण त्या तेरा अंकी घातांकाला ३च्या लॉगॅरिदमने (१०चा कितवा घात घेतला की ३ येतात, तो आकडा) गुणून गुणाकाराचा दशांश भाग पाहता येतो. साध्या संगणकी आकडेमोडीत साधारण १६ अंक अचूक असतात. त्यातले १३ पूर्णांक भागातच खर्च होतात, म्हणून लॉगॅरिदम निदान २० दशांश स्थळांपर्यंत घ्यावा. पाच तिनांसाठी तोच लॉगॅरिदम साडेतीन लाख कोटींहून अधिक स्थळांपर्यंत लागेल. सहाव्या तिनाला तर तो लिहायला जागाच नाही. शेवटाकडून मोजताना घातांकाची छोटी बाकी पुरते, सुरुवातीकडून मोजताना अख्खा घातांक हवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

शिवाय ही अडचण दशमान पद्धतीतली आहे. पाया ३ घेतला, म्हणजे दहाऐवजी ०, १, २ या तीनच अंकांनी संख्या लिहिल्या, तर ही संख्या १ आणि पुढे नुसती शून्यं. पाया ९ घेतला तर घातांक विषम असल्यामुळे पहिला अंक ३, बाकी सगळी शून्यं.