वालिद खालिदी आणि ४१८ गावांचे दप्तर

पॅलेस्टाइनवर हिरिरीने मते मांडणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पण १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होण्यापूर्वी त्या भूमीवर कोणती गावे होती, शेतात काय पिकत होते आणि जमीन कोणाच्या नावावर होती, असे विचारले की बहुतेकांची गाडी अडते. या प्रश्नांची उत्तरे जमवण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घातली, त्या इतिहासकार वालिद खालिदी यांच्याविषयी हे लिहीत आहे. पॅलेस्टिनी स्मृती टिकवण्याचे श्रेय आपण सहसा कवींना देतो, आणि ते रास्तही आहे. तरीही माझ्या मते या बाबतीत खालिदींच्या कोरड्या, आकडे आणि अंतरे मांडणाऱ्या गद्याचे ऋण अधिक मोठे आहे.

खालिदींचा जन्म १९२५ साली जेरुसलेममधल्या एका जुन्या विद्वान घराण्यात झाला. ते ऑक्सफर्डमध्ये शिकवत असताना, १९५६ मध्ये, सुएझ प्रकरणात ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला. त्याच्या निषेधार्थ त्यांनी नोकरी सोडली आणि ते बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात गेले. बैरुतमध्येच १९६३ साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर पॅलेस्टाइन स्टडीज'च्या संस्थापकांपैकी ते एक.

त्यांची पद्धत कळायची असेल, तर १९५९ सालचा त्यांचा एक लेख पाहावा. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी १९४८ मध्ये निर्वासित झाले, ते अरब नेत्यांनी रेडिओवरून गावे रिकामी करण्याचे आदेश दिल्यामुळे, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. खालिदींनी त्यावर संतापाचे अग्रलेख लिहिले नाहीत. त्या काळातल्या अरब प्रक्षेपणांची परकीय यंत्रणांनी जी टिपणे करून ठेवली होती, ती त्यांनी तपासली, आणि असा सरसकट आदेश त्यांना कुठेही आढळला नाही. पुढे १९६१ मध्ये त्यांनी हगाना या ज्यू लष्करी संघटनेच्या 'प्लॅन डालेत' या, प्रदेश आणि गावे ताब्यात घेण्याच्या १९४८ मधल्या योजनेवर लिहिले. या लेखनाकडे पाश्चात्त्य विद्यापीठांनी बराच काळ काणाडोळा केला. ऐंशीच्या दशकात इस्रायली दफ्तरखाने खुले झाले आणि बेनी मॉरिस यांच्यासारख्या इस्रायली इतिहासकारांनी हकालपट्टीचे दाखले छापले, तेव्हा मात्र त्याच विषयाला एकाएकी प्रतिष्ठा आली. 'प्लॅन डालेत' ही हकालपट्टीचीच योजना होती, हे मॉरिस मानत नाहीत आणि तो वाद अजून मिटलेला नाही, हे खरे. तरीही कागदपत्रे तपासून बोलणाऱ्या पॅलेस्टिनी अभ्यासकाची साक्ष घरच्या माणसाची म्हणून बाजूला ठेवायची आणि तत्सम गोष्ट दुसऱ्याने सांगितली की ती संशोधन ठरवायची, हा न्याय मला मान्य नाही.

खालिदींच्या संपादनाखाली १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'ऑल दॅट रिमेन्स' हा ग्रंथ म्हणजे उद्ध्वस्त किंवा ओस पडलेल्या ४१८ गावांचे दप्तरच आहे. प्रत्येक गावाचे जिल्ह्याच्या ठिकाणापासूनचे अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, ब्रिटिश आमदानीतल्या १९३१ च्या शिरगणतीतली आणि १९४४-४५ च्या मोजदादीतली लोकसंख्या, जमिनीची मालकी, गाव कसे पडले याची हकिकत, आणि शेवटी आज तिथे काय दिसते, असा नोंदीचा साचा ठरलेला आहे. हा शेवटचा भाग अभ्यासकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन लिहिला. कुठे मशिदीची भिंत, कुठे थडगी, कुठे अंजिराची झाडे. आणि फड्या निवडुंग तर जागोजागी, कारण गावकरी कुंपणाला तोच लावत, आणि घरे पाडली तरी तो पुन्हा फुटतो. विशेषणांची उधळण कुठेही नाही, हे मला या ग्रंथाचे खरे सामर्थ्य वाटते.

त्यातली इसदूदची नोंद मराठी माणसाने अवश्य वाचावी. गाझाच्या ईशान्येला समुद्राजवळ वसलेल्या, ४,६०० हून अधिक अरब वस्तीच्या या गावात शाळा होत्या, बाजार भरत असे. ऑक्टोबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ते घेतले. त्याच परिसरात पुढे अश्दोद शहर उभे राहिले, आणि कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची तिथे आज मोठी वस्ती आहे. लोद आणि रामला येथेही ते राहतात. या दोन शहरांतून जुलै १९४८ मध्ये हजारो पॅलेस्टिनींना बाहेर काढण्यात आले होते. बेने इस्रायलींचे स्थलांतर मुख्यतः त्यानंतरचे असल्याने त्या घटनांचा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. पण 'मायबोली'सारखे नियतकालिक चालवून इस्रायलमध्ये मराठी जपणाऱ्या या मंडळींचे आपण कौतुक करतो, तेव्हा त्या जागांचा आधीचा इतिहासही आपल्याला ठाऊक असायला हवा.

गावांच्या संख्येवरूनही मतभेद आहेत. मॉरिस यांच्या पहिल्या यादीत ३६९ ठिकाणे आहेत, तर भटक्या बेदुइन टोळ्यांच्या वस्त्याही धरणारे पॅलेस्टिनी अभ्यासक सलमान अबू सित्ता ५३१ मोजतात. गाव कशाला म्हणायचे यावर हा आकडा अवलंबून असतो, त्यामुळे या तफावतीचे भांडवल करण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ठरीव साच्यामुळे या ग्रंथातली गावे एकमेकांसारखी वाटू लागतात. जमीनदार आणि कुळे यांच्यातले ताण, घराण्यांमधली वैरे, बायकांचे कष्ट यांना त्यात फारशी जागा मिळालेली नाही. खालिदींच्याच 'बिफोर देअर डायस्पोरा' या १९८४ सालच्या छायाचित्रसंग्रहातही शहरी, सुस्थित घरांचे दर्शन अधिक घडते. ही उणीव संशोधक रोझमेरी सायिघ यांच्या १९७९ च्या पुस्तकाने बरीच भरून काढली आहे. लेबननमधल्या निर्वासित छावण्यांत त्यांनी एकेकाळच्या शेतकऱ्यांच्या तोंडून त्यांच्या गावांच्या हकिकती टिपल्या. खालिदींचा ग्रंथ हाती घेणाऱ्याने सायिघ यांचे पुस्तकही सोबत ठेवावे.