एवढं पळून शेवटी काय मिळालं त्याला?

माझ्याबरोबर पळणारा मित्र गेला, त्याच्याबद्दल आज दुपारी ओळखीतल्या एका गृहस्थांनी हा प्रश्न मला तोंडावर विचारला. वर हसत, "आम्ही बघा, जिनासुद्धा चढत नाही, ठणठणीत आहोत." तिथे चारचौघांत गप्प बसलो. आता बोलतो, कारण ते इथे माझ्या मित्रयादीत आहेत आणि हे वाचतील.

त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. धावण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण माणूस मॅरेथॉनवाला होता म्हटलं की लोकांचा निकाल तयारच असतो: अति केलं, गेला. पळणारा गेला तर पळण्याने गेला, न पळणारा गेला तर त्याची वेळ भरली होती. वा रे हिशोब!

तुम्ही बहुतेक जण पहाटे बूट चढवणारे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी आम्ही दोघं बरोबर पळालो त्या मॅरेथॉनचं सांगतोच. त्याला चार तासांच्या आत यायचं होतं. ५:४० चा पेस, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद, घड्याळासारखा चालला होता. ३४ व्या किलोमीटरला माझ्या पोटरीत असा गोळा आला की पाय टेकवेना. तो थांबला. मी म्हटलं, "अरे जा की, तुझं टायमिंग जाईल." तो म्हणाला, "गप. त्या खांबापर्यंत चल." मग पुढचा खांब. मग त्याच्या पुढचा. मी शिव्या घातल्या, त्याने ऐकल्याच नाहीत.

निकालात त्याच्या नावापुढे ४:२७ आहे. बघणाऱ्याला वाटेल, गडी शेवटी ढेपाळला.

हो, हृदयात दोष लपलेला असेल तर लांबच्या शर्यतीत जीव जाऊ शकतो, तपासण्या करून घ्याव्यात, मान्य. आणि हो, हा अंगात ताप असतानाही पळायला निघायचा, तो शुद्ध गाढवपणा होता. झालं समाधान?

लाँग रन, म्हणजे सरावातली लांब पल्ल्याची धाव, बोलता येईल इतक्याच वेगाने करायचा असतो. म्हणजे दोन-तीन तास तुम्ही बोलत असता, दोघांची नजर रस्त्यावर, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्यामुळे काय काय बोललं जातं! नोकरीची भीती, बापाशी धरलेला अबोला, सगळं. चढावर त्याचा श्वास कसा वाजतो यावरून रात्री झोपला की नाही हे मला कळायचं. तो गेल्यावर त्याच्या घरी गेलो तर एका नातेवाईकाने विचारलं, "आपण कोण त्यांचे?" म्हटलं, "बरोबर पळायचो." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यांची चूक नाही. तरी लागलंच.

२०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाच्या मॅरेथॉनपटू किपचोगेने ४२.१९५ किलोमीटर १:५९:४० मध्ये संपवले, तेव्हा ४१ पेसर, म्हणजे वेग धरून देणारे धावपटू, आलटून पालटून त्याच्याभोवती धावत होते. तो विक्रम अधिकृत धरला नाही, नियम म्हणून ते बरोबरच. पण जगातल्या सर्वात भारी माणसालाही सोबत लागली ना? मला तर खांब दाखवायलाही कोणीतरी लागलं.

तर गृहस्थहो, त्याला काय मिळालं ते मला माहीत नाही. आयुष्याचा विमा काढायला तो पळतच नव्हता. त्याला मजा यायची, बस. दवाखान्यातसुद्धा माझ्या इंटरव्हलचे, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत मारलेल्या वेगवान धावांचे, आकडे मागायचा आणि "रिकव्हरी कमी घेतोयस", म्हणजे मधली विश्रांती कमी, म्हणून झापायचा. पुन्हा हा प्रश्न विचारलात तर अनफ्रेंड करीन, वय बघणार नाही.

बाकीच्यांसाठी: रविवारी २८ किलोमीटर करायचे आहेत, वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या आसपास. कोणी येणार असेल तर सांगा. पहाटे मला बोलायला सुचत नाही, ती बाजू तो सांभाळायचा. तेव्हा बडबड्या माणसाला प्राधान्य.