निळा डाग म्हणजे गळती नव्हे

‘थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार बघतो, निळं दिसलं की आत पाइप फुटलेला’ असा मेसेज परवापासून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. आरपार वगैरे काही नाही. हा कॅमेरा फक्त पृष्ठभागावरून निघणारी उष्णता टिपतो. त्याला साध्या खिडकीच्या काचेपलीकडचंही दिसत नाही.

निळा रंग म्हणजे कॅमेऱ्याच्या त्या चित्रातला सगळ्यात गार भाग, एवढंच. बाकी भिंत २९ अंश आणि कोपरा २७, तरी कोपरा गडद निळा दिसणार. ओल असेल तर पाणी वाळताना तिथली भिंत गार होते, हे खरं. पण एसीचा झोत लागला तरी ती तशीच दिसते. म्हणून त्या जागी ओलावा मोजायचं यंत्र टेकवून खात्री केल्याशिवाय टाइल्स फोडू नका. आणि स्टीलचा डबा तर समोरची उष्णता आरशासारखी परतवून साफ फसवतो. आमच्या ओट्यावरच्या डब्यावर कॅमेऱ्याने दाखवलं ते माझ्याच तोंडाचं तापमान!

या कॅमेऱ्याने घर तपासण्याची पद्धत मुळात थंड देशांतली. हिवाळ्यात हीटर लावून घरातली ऊब कुठून निसटते ते बघतात. आत-बाहेर साधारण १० अंशांचा फरक लागतो. मुंबईत तो आपसूक कुठला मिळायला? इथे उपयोग उलटा: वरच्या मजल्यावर दुपारी तापलेला स्लॅब किंवा एसीच्या खोलीत दाराच्या फटीतून शिरणारी गरम हवा शोधायला.